दगडी घराच्या आतल्या भिंती: आधी ओल, मग ऊब

अंजनेरीच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या आजोबांच्या दगडी घराविषयी आपण विचारले आहे. भिंती दोन फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आतून केलेला सिमेंटचा गिलावा कमरेच्या उंचीपर्यंत फुगून त्याचे पोपडे निघत आहेत. पावसाळ्यात खोल्यांना कुबट वास येतो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे भिंतीकडेला झोपवत नाही. ठेकेदाराने भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांत थर्माकोल भरण्याचे, त्यावर प्लास्टिकचा कागद ताणण्याचे आणि वर जिप्सम बोर्ड लावून पुट्टी-रंग करण्याचे सुचवले आहे. काम आठ दिवसांत होईल आणि भिंत सरळसोट दिसेल, असे त्याचे म्हणणे आहे. हे करावे का, आणि नसेल तर काय करावे, असा आपला प्रश्न आहे.

हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी नाशिक आणि त्र्यंबक परिसरातील जुन्या वाड्यांच्या व दगडी घरांच्या दुरुस्तीचे काम अठ्ठावीस वर्षे करीत आलो आहे, आणि याच पद्धतीचे एक काम मी स्वतः केलेले असल्यामुळे त्याचा शेवट मला ठाऊक आहे. पंचवटीतील एका वाड्याच्या माजघरात मालकांच्या आग्रहावरून मी ओलसर भिंतीवर बोर्ड चढवले होते. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात वास येऊ लागला, म्हणून एक बोर्ड सोडवला. त्याची पाठ काळ्या बुरशीने मखमलीसारखी झाली होती, लाकडी पट्टी नखाने खरवडली तरी भुसा होत होती, आणि प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूवर पाण्याचे थेंब ओळीने उभे होते. भिंत खोलीतून दिसत नव्हती, एवढाच काय तो फरक पडला होता. ते सगळे काम मी माझ्या खर्चाने काढून टाकले आणि त्यानंतर ओल्या दगडावर बोर्ड कधीही लावला नाही.

असे का होते हे समजून घेतले, तर पुढचे सगळे निर्णय आपले आपल्याला घेता येतील. आपला काळा पाषाण घट्ट आहे. तो स्वतः फारसे पाणी पीत नाही. पण दोन फुटांची भिंत म्हणजे दोन फुटांचा एकसंध दगड नव्हे. बाहेरून एक घडीव किंवा अर्धघडीव थर, आतून एक थर, आणि मध्ये चिपा, माती व चुन्याची भर, अशी तिची रचना असते. पाणी चढते आणि उतरते ते या भरीतून आणि दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून. जुन्या गवंड्यांनी दरजा चुन्याने किंवा मातीने भरल्या, कारण या दोन्ही वस्तूंतून ओल बाहेर पडून वाळू शकते. दरजा हाच अशा भिंतीचा श्वास असतो. त्यांच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा आला की ओल आतच कोंडते, सुटायला जागा शोधत वर चढते, आणि जिथे तिला फट सापडते तिथे बरोबर आणलेले क्षार सोडून उडून जाते. हे क्षार गिलाव्यामागे स्फटिकरूप धरताना फुगतात आणि गिलाव्याला भिंतीपासून ढकलतात. आपण ज्याला लोणा लागणे म्हणतो ते हेच. म्हणजे आपल्या घराचे पोपडे हा निव्वळ जुनेपणाचा दोष नाही, तो चुकीच्या गिलाव्याचा परिणाम आहे.

आता उष्णतेचे पाहू, कारण आपल्या ठेकेदाराचा सगळा भर तिच्यावर आहे. साठ सेंटिमीटर जाडीच्या काळ्या दगडातून दुपारची झळ आतल्या अंगाला पोचायला पंधरा-सोळा तास लागतात, आणि तिथवर येता येता ती इतकी विरते की हाताला जाणवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा अशा घरात जो गारवा मिळतो, तो या जड दगडाने खोलीतली उष्णता स्वतःत घेतल्यामुळे. त्या दगडावर आतून थर्माकोल चढवला तर खोलीचा आणि दगडाचा संबंध तुटतो. खोली मग पत्र्याच्या शेडसारखी वागू लागते, लवकर तापते आणि गारव्यासाठी वातानुकूलन यंत्र मागते.

आणि ते यंत्र लावले की दुसरे संकट उभे राहते. थंड प्रदेशांतील घरांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत प्लास्टिकचा पडदा आतल्या बाजूने लावायला सांगितलेले असते, कारण तिथे थंडीत खोलीतली दमट हवा भिंतीत शिरून बाहेरच्या गारठ्याजवळ दव धरते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उलटे घडते. बाहेरची हवा २८ अंश तापमानाची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल, तर ती सुमारे २५ अंशांपर्यंत थंड होताच दव सोडू लागते. खोली यंत्राने २३-२४ अंशांवर आणली असेल, तर भिंतीतून आत येणारे बाष्प नेमके त्या प्लास्टिकच्या पाठीवर येऊन थबकते आणि त्याचे पाणी होते. पंचवटीच्या त्या बोर्डामागे मी पाहिलेले थेंब याच हिशेबाने जमले होते. परक्या हवामानासाठी बरोबर असलेला उपाय इथे अपाय ठरतो, आणि बोर्डवाल्यांच्या माहितीपत्रकात हा फरक क्वचितच सांगितलेला असतो.

मग थंडीचे काय? नाशिकचा हिवाळा पहाटे बोचतो हे खरे. जानेवारीत किमान तापमान १० अंशांच्या आसपास आणि काही रात्री त्याहून खाली जाते. पण त्याच दिवशी दुपारी पारा २७-२८ अंशांवर असतो. जड दगडी भिंत क्षणाक्षणाच्या तापमानाला प्रतिसाद देत नाही, ती दिवस-रात्रीच्या सरासरीजवळ राहते. कोरडी असेल तर ती पहाटेही फार गार होत नाही. तरी आपल्याला भिंतीकडेला गारठा का जाणवतो, तर ती ओली आहे म्हणून. ओल्या भरीतून उष्णता कोरड्या भरीपेक्षा लवकर बाहेर जाते आणि पृष्ठभागावरचे पाणी सुकताना भिंतीला आणखी गार करते. माठ गार राहतो त्याच कारणाने ती भिंत गार राहते. याखेरीज अशा घरांत भिंतीचा माथा आणि कौलांखालचे वासे यांच्यामध्ये मोकळ्या फटी असतात, तिथून रात्रभर वारा वाहतो. म्हणून आधी भिंत कोरडी करावी, माथ्यावरच्या फटी चुना आणि चिपांनी बंद कराव्यात, कौलांखाली लाकडी तक्तपोशी घालावी, एक हिवाळा त्या घरात राहून पाहावे, आणि त्यानंतरच भिंतीला उबेचा थर हवा की नको ते ठरवावे. बऱ्याच घरांत तो लागत नाही.

ओल कुठून येते हे ठरवणे हा या कामाचा निम्मा भाग आहे आणि त्यासाठी घाई करू नये. पावसाळ्यात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. वळचणीच्या पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशीच पडत असतील, तर उडणारे शिंतोडे आणि मुरणारे पाणी हे पहिले कारण. रस्ता आणि अंगण वर्षानुवर्षे भर घालून उंच झालेले असेल आणि जोते मातीत बुडाले असेल, तर हे दुसरे. त्र्यंबक रस्त्यावरच्या अनेक गावांत मी हेच पाहतो. घराभोवती सिमेंट काँक्रीटचा पट्टा घातलेला असेल किंवा आत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या असतील, तर जमिनीतली ओल तिथून वर येऊ शकत नाही आणि सगळी भिंतींकडे वळते. हे तिसरे कारण लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. एक सोपी कसोटी सांगतो. भिंतीचा हातभर चौकोन वरवर पुसून कोरडा करावा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावे. प्लास्टिकच्या आत दव असेल तर ओल भिंतीतून येते आहे. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव असेल तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर निथळते आहे, आणि मग उपाय स्वयंपाकघरातील वाफ बाहेर काढण्याचा आहे.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांत मागच्या खोलीच्या भिंतीवर, जिथे पूर्वी गोठा होता असे आपण लिहिले आहे, पांढरे फुलोरे दाट दिसतात. गोठ्याच्या भिंतीत जनावरांच्या मूत्रातून आलेले नायट्रेट वर्षानुवर्षे साठलेले असते. हे क्षार हवेतली आर्द्रता स्वतःकडे ओढतात, त्यामुळे छत गळत नसताना आणि जमीन कोरडी असतानाही पावसाळ्यात ही भिंत ओली दिसेल. तिला वेगळी वागणूक द्यावी लागेल, ते पुढे सांगतो. मात्र पुढच्या खोलीतील दगडांच्या छिद्रांत जे पांढरे चकाकणारे खडे दिसत आहेत, तो लोणा नाही. ते दगडाच्या पोटातच तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक आहेत. नाशिक जिल्ह्याच्या काळ्या दगडात ते विपुल सापडतात, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे अप्रतिम नमुने मांडलेले आहेत. लोणा बोटाने पुसला जातो आणि पाण्यात विरघळतो, स्फटिक दोन्ही करीत नाही. ते कृपया छिन्नीने काढू देऊ नका.

कामाचा क्रम बाहेरून आत असावा. ऑक्टोबर उजाडताच घराभोवतीची भर जोत्याखाली किमान सहा-आठ इंच उतरवून घ्यावी, भिंतीपासून उतार द्यावा, वळचणीला पन्हळ लावून पाणी दूर सोडावे आणि काँक्रीटचा पट्टा असेल तर तो फोडून तिथे खडी भरावी. बाहेरच्या दरजांत सिमेंट असेल तर ते काढून चुन्याने पुन्हा भराव्यात. पश्चिम आणि नैऋत्येकडून पाऊस झोडपतो, त्या भिंती आधी घ्याव्यात.

मग आतले सिमेंट उतरवावे. छिन्नी-हातोडीनेच, ब्रेकर लावू नये. ब्रेकरच्या हादऱ्याने मधली भर खाली बसते आणि दोन थर एकमेकांपासून सुटतात, आणि अशा सुटलेल्या भिंतीला नंतर पोट येते. गिलावा निघाल्यावर दरजा इंचभर खोल खरवडून तारेच्या नव्हे तर ताठ केसांच्या ब्रशने धूळ झाडावी. आणि मग थांबावे. जाड भिंत एका बाजूने महिन्याला साधारण इंचभर वाळते, असा आमच्या धंद्यातला अंदाज आहे. दोन्ही अंगांनी धरले तरी आपली भिंत गाभ्यापर्यंत सुकायला वर्ष लागेल. एवढे थांबण्याची गरज नाही, कारण चुन्याचा गिलावा लावल्यावरही ती वाळत राहते; पण दोन-तीन महिने तरी ती उघडी राहू द्यावी. घरातल्या मंडळींना हे दिवस सोसणे कठीण जाते हे मला ठाऊक आहे. तरीही याच काळात भिंत निम्मी बरी होते.

गोठ्याच्या भिंतीसाठी या काळात एक जास्तीचे काम करावे. चाळलेली माती आणि कागदाचा लगदा यांचा ओला लेप बोटभर जाड थापावा आणि पूर्ण सुकून सुटू लागला की काढून घराबाहेर दूर टाकावा. सुकताना तो क्षार स्वतःत ओढून घेतो. हे तीन-चार वेळा करावे. सगळे क्षार निघणार नाहीत, पण पुढचा गिलावा टिकण्याइतके कमी होतील. या भिंतीवर उबेचा थर मुळीच देऊ नये. तिथे साधा, थोडा कमजोर चुन्याचा गिलावा करावा आणि तो पाच-सात वर्षांनी बदलायचा आहे, हे मनाशी धरूनच करावा. तो भिंतीसाठी झिजतो.

आता चुना. बाजारातील फक्की, म्हणजे चुन्याची तयार भुकटी, उघड्यावर पडलेली असेल तर हवेने निम्मी मेलेली असते, तिच्यावर विसंबू नये. कळीचा चुना आणून पाण्यात विझवावा आणि किमान महिनाभर पाण्याखाली मुरवावा. लोण्यासारखा झाला की तो तयार. विझवताना तो उकळतो आणि उडतो. म्हणून चुन्यावर पाणी न ओतता पाण्यात चुना थोडा थोडा सोडावा, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे असावेत, जवळ स्वच्छ पाण्याची बादली भरून ठेवावी आणि मुलांना त्या अंगणात येऊ देऊ नये. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ जळते. ही सूचना मी दर वेळी, जुन्या गवंड्यांनाही, पुन्हा करतो.

पहिल्या थरासाठी एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग धुतलेली भरड वाळू घ्यावी. सुरखी म्हणजे नीट भाजलेल्या विटांची भुकटी. तिच्यामुळे चुना ओलसर जागीही घट्ट होतो, नुसता चुना केवळ हवेवर घट्ट होतो आणि फार सावकाश. जास्त भाजून वितळलेल्या, काळपट विटांची भुकटी घेऊ नये, ती निर्जीव असते. तागाचे बोटभर लांबीचे धागे पिंजून मिसळले तर भेगा पडत नाहीत. ही युक्ती आपल्या मुलखात फार जुनी आहे; वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. खोल खळगे मालाने न भरता दगडाच्या चिपा मालात दाबून भरावेत. भिंत आदल्या संध्याकाळी आणि लावण्यापूर्वी पाणी मारून दमट करावी, पण पाणी ओघळेल इतकी नाही. थर दहा-बारा मिलिमीटरहून जाड नसावा आणि त्यावर नखाची खूण उमटेनाशी झाली की दुसरा द्यावा. सिमेंटसारखे पाइपने पाणी मारू नये. ओले गोणपाट भिंतीपासून वीतभर दूर टांगावे आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हलका फवारा द्यावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामाला सर्वांत चांगले. मार्चनंतरचा कोरडा वारा गिलाव्यातले पाणी पळवतो आणि पावसाळ्यात तो घट्टच होत नाही.

एक हिवाळा राहूनही निजण्याची खोली गार वाटली, घरात वृद्ध किंवा लहान मूल असेल, तर त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतींवर, आणि फक्त तिथेच, उबेचा थर द्यावा. चुना आणि सुरखी यांचा एक भाग आणि फुगवलेल्या परलाइटचे (भाजून फुगवलेल्या ज्वालामुखीय काचेच्या हलक्या दाण्यांचे) दोन ते तीन भाग, असा हलका माल करून तीस-चाळीस मिलिमीटर जाडी दोन-तीन थरांत चढवावी. हिशेबाने पाहिले तर कोरड्या दोन फुटी भिंतीतून जाणारी उष्णता अशा चाळीस मिलिमीटर थराने साधारण एकतृतीयांशाहून थोडी अधिक कमी होते. थर्माकोलच्या मानाने ही घट कमी आहे, पण भिंत वाळत राहते, आणि माझ्या लेखी हे अधिक मोलाचे आहे. परलाइट मिळत नसेल तर भाताचे तूस वापरता येते. त्र्यंबक-इगतपुरीकडे भात भरपूर असल्याने गिरणीत ते सहज मिळते. तुसात सिलिका पुष्कळ असल्याने ते लवकर कुजत नाही. मात्र ते चुन्याच्या निवळीत रात्रभर भिजवून मगच मालात घालावे आणि आधी एका वाराच्या चौकोनावर नमुना करून पंधरा दिवस पाहावे. जमिनीपासून पहिल्या तीन फुटांत हा हलका माल नको, तिथे सुरखीचा साधा गिलावा, आणि तोही फरशीला टेकता कामा नये. बोटभर जागा सोडून वर उभी फरशीची पट्टी बसवावी. खिडक्यांच्या कडांना जाडी मावत नसेल तर तिथे पातळ थर चालेल. विजेच्या तारांचे पाइप आणि खुंट्यांच्या लाकडी ठोकळ्या या थराआधी दगडाच्या दरजांत बसवून घ्याव्यात, कारण हलक्या गिलाव्यात मारलेला खिळा कपाटाचे वजन धरत नाही.

खालच्या टाइल्सही काढाव्यात असे मी सुचवेन. चुन्याचा धोपटलेला कोबा किंवा वाळूवर बसवलेली, चुन्याने सांधलेली शहाबादी फरशी केली, तर जमिनीची ओल सगळीकडून थोडी थोडी सुटते आणि भिंतींवरचा भार हलका होतो. खर्च नकोसा वाटत असेल तर निदान भिंतीलगतची एक ओळ काढून तिथे खडी व शहाबादी घालावी.

शेवटचा हात बारीक चाळलेल्या वाळूच्या किंवा संगमरवरी भुकटीच्या चुन्याचा, तीन मिलिमीटरचा. तो ओलसर असतानाच थापीने दाबून घोटावा. घोटलेली भिंत हाताला रेशमासारखी लागते. त्यावर पुट्टी, पीओपी, ऑइलपेंट किंवा प्लास्टिक इमल्शन यांपैकी काहीही नको. या सगळ्या लेपांनी आपण सोडवलेली भिंत पुन्हा बांधली जाते. चुन्याचे तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात दुधासारखा पातळ आणि आधीचा हात सुकल्यानंतर. रंग हवा असेल तर काव किंवा पिवडी मिसळावी. एखादी भिंत उघड्या दगडाची ठेवायची हौस असेल तर जरूर ठेवावी, पण ती घरातली, आतली भिंत असावी आणि दगडावर चमक आणणारे लॅकर लावू देऊ नये.

पहिल्या पावसाळ्यात गोठ्याच्या भिंतीवर आणि कदाचित पुढच्या खोलीच्या कोपऱ्यांतही पांढरा फुलोरा पुन्हा दिसेल. तेव्हा घाबरून कोणालाही रसायन मारायला बोलावू नये आणि भिंत पाण्याने धुऊ नये, कारण धुतल्यास क्षार पुन्हा आत जातात. कोरड्या दिवशी खाली कागद अंथरून मऊ ब्रशने तो झाडून घ्यावा, कागदासह बाहेर टाकावा, आणि दिवाळीपूर्वी त्या जागी चुन्याचा एक हात द्यावा.